प्रकरण अकरावे : कोंबडीमार्फत

नऊ वर्षांत त्या अंगणात कोंबड्यांच्या पाच पिढ्या होऊन गेल्या, पण दोन जावांमधला अबोला काही म्हातारा झाला नाही. उलट तो अंगापिंडानं भरला. सध्या त्याचं कामकाज तांबडीकडे होतं. तांबडी म्हणजे लहानीची लाल कोंबडी. थोरल्या जावेला, म्हणजे या लहानीलाच, धाकटीला काही सांगायचं असलं की ती तांबडीला सांगायची, "तांबडे, कोणाचे वाल उन्हात पडलेत, नि वानरं आंब्यावर येऊन बसलीत." धाकटी सारिका मग कमरेवरच्या हंड्याला म्हणायची, "हंड्या, वानरं दिसतात मला. डोळे शाबूत हायत." आणि वाल उचलायची. हंडा गप्प राहायचा. तांबडीही. दोघांनाही याच घरात दिवस काढायचे होते.

थोरल्या मुलाचं नाव बारकू आणि थोरल्या सुनेचं नाव लहानी, हा त्यांच्या सासूच्या, बाईजाच्या, घराण्याचा विनोद मागेच येऊन गेला आहे. त्यावर आता कोणी हसत नाही. मात्र गेले दोन महिने डोळखांबच्या बाजारात लोक लहानीला थांबवून तिच्याकडे बघून हसत होते, आणि ते हसणं आदराचं होतं. कारण या दोघी जावा टीव्हीवरच्या 'सांगू नका, ओळखा' या शब्दांच्या खेळात सलग पाच वेळा जिंकल्या होत्या.

खेळ साधा होता. एका घरातल्या दोन बायका समोरासमोर बसायच्या. एकीला पडद्यावर शब्द दिसायचा. तिनं तो तोंडातून न काढता वर्णन करायचं, दुसरीनं ओळखायचा. साठ सेकंदांत जितके होतील तितके. खरं तर अर्ज रविनानं भरला होता, म्हणजे लहानीच्या मुलीनं, स्वतःचा आणि सारिकाकाकीचा. निवड शहापूरला एका मंगल कार्यालयात होती. त्याच दिवशी रविनाची कॉलेजात परीक्षा आली, आणि 'घरातली दुसरी कोणीही बाई चालेल' या एका ओळीवर लहानी तिकडे जाऊन बसली. बसली म्हणजे सारिकाकडे पाठ करून बसली. तिला फिरवून बसवावं लागलं.

मग पडद्यावर पहिला शब्द आला. लहानीनं समोरच्या पाण्याच्या बाटलीला सांगितलं, "हाक मारली तर ऐकू येत नाय, ताट वाढलं की येतं."

"नवरा," सारिका म्हणाली. दोन सेकंद.

"खांब हाय, तार हाय, बाकी काय नाय."

"वीज."

नऊ वर्षं जिला सरळ वाक्य मिळालेलं नाही, तिला आडवं वाक्य ऐकायची सवय होते. लहानीनं भुवई उचलली तरी सारिकाला कळायचं की दूध उतू चाललंय की पाहुणा येतोय. पुण्याच्या प्राध्यापक जोडीनं, सासू-सुनांनी, आपल्या साठ सेकंदांतली चाळीस एकमेकींची वाक्यं दुरुस्त करण्यात घालवली. चमकत्या कोटातल्या सूत्रसंचालकाला वाटलं, आवळवाडीच्या या बायकांची एकमेकींकडे न बघण्याची काही खास पद्धत आहे. त्यानं तिला 'तंत्र' असं नावही दिलं.

प्रत्येक विजयाला एक मिक्सर मिळायचा. पाच विजयांचे पाच मिक्सर आले. दोन इकडच्या ओट्यावर गेले, दोन तिकडच्या. पाचवा दोघींत वाटता येईना, म्हणून तो खोक्यासकट सासूच्या, बाईजाच्या ताब्यात राहिला. त्या खोक्यावर तांबडी अंडी घालू लागली.

आता मंगळवारी महाअंतिम फेरी होती आणि तिला बक्षीस चारचाकीचं होतं. रस्ता पाड्याच्या अलीकडे वडापर्यंतच येतो. बारकूनं वडाखाली चार मेढी पुरून, वर पेंढा टाकून गाडीसाठी मांडवही घातला होता. आतापर्यंत त्यात दोन बैल बांधून तपासलं होतं. बसत होते.

रविवारी दुपारी सारिका विहिरीवर गेली तेवढ्यात, तिच्या नवऱ्यानं, जयरामनं, सगळ्यांना गोठ्यामागे बोलावलं. बाईजा आधीच तिथं खाटेवर होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण गोठ्यामागे ऊन चांगलं यायचं.

"कार्यक्रमाच्या कुणाली मॅडमचा निरोप आलाय," जयराम म्हणाला. "रविना, वाच."

कुणाली म्हणजे कानात यंत्र घालून फिरणारी मुलगी. ती गुरुवारी घराचं चित्रीकरण करायला आली होती. चुलीचं केलं, नाचणीच्या भाकरीचं केलं, आणि मग जयरामनं तिला बाजूला नेऊन अबोल्याचं सांगून टाकलं. तिचे डोळे ज्या तऱ्हेनं चमकले ते लहानीनं लांबून पाहिलं होतं. कोल्ह्याला कोंबडं दिसलं की असे चमकतात.

रविनानं मोबाइल वर धरला. "मंगळवारी शेवटची फेरी झाली की आई हे पत्र वाचणार. त्यांच्या लेखकानं लिहिलंय. 'प्रिय सारिका, माझ्या काळजाच्या तुकड्या, आज या रंगमंचावर, अश्रूंच्या साक्षीनं...'"

"कोणाच्या?" लहानीनं विचारलं.

"अश्रूंच्या, आई."

"ते कोण आणणार?"

"तिथं देतात म्हणे. बाटलीत असतात."

"नि मग?"

"मग काकी धावत येऊन तुला मिठी मारणार. काकीला सांगायचं नाय हां. तिच्या चेहऱ्यावर खरं आलं पाहिजे."

बारकू गोठ्याच्या मेढीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "वाचायला माझी ना नाय. पण शेवटच्या फेरीनंतर म्हणजे नंतरच. आधी एक अक्षर नाय. जयराम, तुला कळत नाय रे. या बोलायला लागल्या तर ओळखणार कशा?"

"दादा, तुला गाडीची पडलीय. नऊ वर्षं मी दोन बायकांच्या मधून ताट घेऊन चाललोय. तिकडचं कालवण गोड म्हणावं तर इकडं तोंड फुगतं. मिटू दे एकदाचं. टीव्हीत तर टीव्हीत."

"नऊ वर्षं थांबलास, मंगळवारपर्यंत थांबायला काय होतंय?"

"मी मेल्यावर बोलणार काय या?" बाईजानं खाटेवरून विचारलं. "तवा तरी एकीनं दुसरीला सांगाल ना, म्हातारी गेली म्हणून? का तेपण कोंबडीला?"

बाईजानं नेमकं जिथं हात लावू नये तिथं लावला होता.

कारण निरोपाचाच तर सगळा मामला होता. नऊ वर्षांपूर्वीचा आवणीचा दिवस. आवळवाडीत आवणी पाळीनं चालते. आज सगळं गाव एकाच्या शेतात उतरून भाताची रोपं लावतं, उद्या दुसऱ्याच्या. ज्याची पाळी चुकली त्याला ती पुन्हा मिळायला बारा-पंधरा दिवस लागतात, आणि उपटलेलं रोप तितकं थांबत नाही. त्या दिवशी पाळी यांची होती. वीस माणसं वाकलेली, शेवटच्या खाचराचं रोप उपटून मुठी बांधून पडलेलं. घरात मोबाइल एकच. तो पिशवीत घालून बांधावरच्या दगडावर ठेवलेला, कारण नेटवर्क त्या दगडापुरतंच यायचं. लहानी पाणी प्यायला बांधावर गेली आणि तो वाजला. सारिकाचा भाऊ पंकज बोलत होता, मुरबाडकडून. "आईचं जास्त झालंय. ताईला पाठवा."

तेव्हा दहा वाजले होते. लहानीनं ते चार वाजता सांगितलं.

चार वाजता एसटी गेलेली होती आणि नदी चढलेली. सारिका दुसऱ्या दिवशी नऊला माहेरी पोचली. सगळं आटपलं होतं. तेरावं करून ती परत आली, हंडा उचलला, आणि तेव्हापासून हंड्याशी बोलू लागली.

लहानीनं या गोष्टीची कारणं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली होती. दहाला निघाली असती तरी पोचली असती का? नदी दुपारीच चढली. वर्षाचं भात होतं. माणसं परत मिळाली नसती. सगळी कारणं खरी होती, आणि एकाही कारणानं तिला झोप लागत नव्हती. तिला सारिकाला एवढंच सांगायचं होतं, की मी चुकले. दहा वाजता मला माहीत होतं आणि मी रोप मोजत बसले. हे तिनं नऊ वर्षांत कोंबडीलाही सांगितलं नव्हतं. कोंबडीमार्फत सांगण्यासारखं ते नव्हतं. आणि आता ते बाटलीतल्या अश्रूंच्या साक्षीनं, कोणा लेखकाच्या काळजाचे तुकडे तोंडात घेऊन सांगायचं?

"मी नाय वाचणार," ती म्हणाली.

"अहो, पण त्यांनी सगळं ठरवलंय," जयराम म्हणाला. "वहिनी, तुमच्याच तोंडून व्हायचंय ते."

"माझं तोंड हाय ना? मग मला विचारा."

"शाब्बास," बारकू खूश होऊन म्हणाला. आपल्या बाजूनं एक मत पडलं असं त्याला वाटलं. "आधी गाडी."

"गाडीच्या आधी," लहानी म्हणाली. "मंगळवारच्या आधी बोलणार मी तिच्याशी. माझं मी."

बारकूनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं मांडवाला काडी लावली. मग तो जयरामकडे वळला, आणि नऊ वर्षांत प्रथमच दोन्ही भावांचं एकमत झालं. मंगळवारच्या आधी नको. एकाला गाडी हवी होती, दुसऱ्याला मिठी. पण दोन्ही गोष्टी मंगळवारी होत्या. रविनाही त्यांच्याकडे गेली, कारण तिनं कॉलेजात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. लहानीच्या बाजूला एकटी बाईजा उरली, आणि तिनं डोळे मिटले होते.

तेवढ्यात सारिका विहिरीवरून आली. गोठ्यामागून एकामागून एक बाहेर येणाऱ्या माणसांकडे तिनं पाहिलं, आणि हंडा उतरवत त्याला म्हणाली, "हंड्या, गोठ्यामागं ग्रामसभा होती वाटतं. कोरम भरला ना?"

सराव रोज तीन वाजता असायचा. अंगणाच्या एका अंगाला लहानीचा ओटा, समोर सारिकाचा, मध्ये झोडणीचं खळं. खळ्यात तांबडी दाणे टिपत होती. रविना चिठ्ठ्यांचा डबा घेऊन उभी, बारकू मोबाइलवर साठ सेकंद लावून. जयराम गुण लिहायचा. बाईजाची खाट उचलून अंगणात आणली होती. सरावात ती अधूनमधून सारिकाच्या आधी ओळखायची आणि मग शिव्या खायची.

पहिल्या फेरीत नऊ झाले. "चष्मा." "शेणी." "आमदार" हा शब्द लहानीनं तोंड उघडण्याआधीच सारिकानं ओळखला, कारण लहानीनं फक्त हात जोडून हसून दाखवलं होतं, आणि ते हात लगेच सोडले होते.

"नऊ!" बारकू म्हणाला. "मंगळवारी असंच. आणखी एक फेरी घेऊ नि सोडू."

रविनानं लहानीच्या हातात नवी चिठ्ठी दिली. बारकूनं बोट दाबलं.

लहानीनं चिठ्ठी उघडली नाही. मुठीत धरली, भाताच्या मुठीसारखी. मग ती तांबडीकडे न बघता बोलू लागली.

"आवणीचा दिवस. आपली पाळी. वीस माणसं."

सारिका ओट्यावर सरळ झाली.

"आवणी," जयराम पुटपुटला. "सोपं हाय."

"गप," बारकू म्हणाला. "शब्द आला तिच्या तोंडात. बाद होईल."

"बांधावर दगड. दगडावर पिशवी. पिशवीत फोन वाजतो," लहानी म्हणाली. तिचा आवाज टीव्हीवर लागायचा तसा लागत नव्हता. "एक बाई तो उचलते. ऐकते. मग पिशवीत परत ठेवते, गाठ मारते. घट्ट मारते, पाणी जाऊ नये म्हणून. नि येऊन रोप लावते. दहा ते चार. सहा तास ती रोप लावते. त्या बाईला काय म्हणतात, ते ओळखायचं."

खळ्यात नुसती तांबडी चालत होती. रविनानं डबा छातीशी धरला. जयरामची पेन्सिल कागदावर टेकून राहिली. बारकूला एवढंच कळत होतं की वेळ चाललाय. "बोल गो, बोल काय तरी," तो हळूच सारिकाला म्हणाला. "चुकलं तर चुकलं."

सारिका बोलली. हंडा शेजारीच होता, पण ती त्याच्याशी बोलली नाही.

"दर वर्षी तुमी माझ्या डाव्या हाताला असायच्या," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून. मला रोप धरता येत नव्हतं, तुमी शिकवलंत. त्या दिवशी तुमी पाणी पिऊन आलात नि दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिलात. पार दुसऱ्या टोकाला, गावच्या बायकांत."

लहानीनं मान हलवली. तिला ते आठवत नव्हतं. मग आठवलं.

"मी फोन वाजताना ऐकला होता," सारिका म्हणाली. "तुमी पाठ करून उभ्या होत्या. पण तुमची पाठपण मला कळते. मला दहा वाजताच कळलं, बाय."

बाय. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. हा शब्द नऊ वर्षांत या अंगणात आला नव्हता.

"कळलं होतं?" लहानीनं विचारलं. "मग विचारलंस का नाय गो? धावत यायचं, फोन हिसकायचा, माझ्या झिंज्या धरायच्या!"

"विचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं."

"मग?"

"मग काय." सारिकानं पदरानं नाक पुसलं. "तुमी सांगेपर्यंत माझी आई होती. आजारी होती, पण होती. मी म्हटलं, ही ओळ संपू दे. मग म्हटलं, हे खाचर संपू दे. चार वाजले. तुमच्यावर राग धरला नसता तर तो कोणावर धरला असता मी? दुसरी तिथं मीच होते."

लहानी म्हणजे पाच वेळा जिंकलेली बाई, पण तिच्याकडे आता ना सरळ वाक्य होतं ना आडवं. "मी चुकले गो," ती शेवटी म्हणाली. नऊ वर्षं घोकलेलं ते भलं मोठं निघेल असं तिला वाटलं होतं. ते एवढंच निघालं.

"मीपण," सारिका म्हणाली.

बारकूचा मोबाइल कोंबड्यासारखा आरवला. त्यानं तोच आवाज लावला होता.

"वेळ संपली," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःलाच कसंसं वाटलं. पण सवय वाईट. "चिठ्ठीवर काय होतं?"

रविनानं आईची मूठ उघडून चिठ्ठी काढली. "पंखा."

"पंखा," बारकू म्हणाला. त्यानं थोडा विचार केला. "मग ही फेरी... शून्य?"

"बारक्या," बाईजा खाटेवरून म्हणाली, "उठू काय मी?"

बारकूनं मोबाइल खिशात घातला. जयराम कागदावरचे आधीचे नऊ खोडत होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, बाटलीतलं नव्हे.

नेमका तेव्हाच रविनाचा फोन वाजला. कुणाली होती. रविनानं घाबरून तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हॅलो, रविना? वातावरण कसं आहे घरात? दोघी बोलत नाहीयेत ना अजून? प्लीज हां, मंगळवारपर्यंत सांभाळा. वरती सगळ्यांना खूप आवडलंय."

अंगणात सगळे एकमेकांकडे बघू लागले. लहानीनं सारिकाकडे पाहिलं आणि एक भुवई उचलली. फक्त एक, नि तीही अर्धी. सारिकानं ओळखलं. ती फोनजवळ आली आणि खळ्याकडे तोंड करून, टीव्हीत लागतो तसल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तांबडे, सांग गो कोणाला तरी, त्यांच्या कोंबड्या माझ्या वालात शिरल्या तर मी तंगडी मोडीन!"

"हंड्या," लहानी तेवढ्याच जोरानं म्हणाली, "मोडून तर बघ म्हणावं!"

"ओ माय गॉड," कुणाली कुजबुजली. तिला रडू येत असावं, आनंदाचं. "परफेक्ट. आणि पत्र वाचायचा सराव होतोय ना?"

"होतोय म्हणावं," लहानीनं रविनाच्या कानात सांगितलं. "पण मंगळवारी चष्मा घरी राहणार हाय."

फोन बंद झाला. पहिली बाईजा हसली, मग सगळे. बारकू शेवटी हसला. त्याच्या लक्षात आलं होतं की मघाच्या त्या अर्ध्या भुवईला सारिकाला अर्धा सेकंदसुद्धा लागला नव्हता. मांडवाच्या चार मेढी त्याच्या मनात पुन्हा सरळ उभ्या राहिल्या.

"चला तर मग," तो घाईनं म्हणाला, "आणखी एक फेरी. बसा आपापल्या जागी."

लहानी उठली. खळं ओलांडून पलीकडच्या ओट्यावर गेली. नऊ वर्षांत तिनं त्या ओट्याला पाय लावला नव्हता. तो आपल्यापेक्षा चांगला सारवलेला असतो हे तिला लांबूनच माहीत होतं. सारिका थोडी सरकली. लहानी तिच्या डाव्या हाताला बसली.

"तिथं नाय," बारकू म्हणाला. "नियमात समोरासमोर बसायचं हाय. शेजारी बसून तोंडं दिसणार कशी एकमेकींची?"

दोघींनी ते ऐकलं. लहानीनं खळ्याकडे पाहिलं. पाच पिढ्यांच्या नोकरीनंतर मोकळी झालेली कोंबडी पंख झटकत उभी होती.

"तांबडे," लहानी म्हणाली, "तुझ्या मालकाला सांग, पुढची चिठ्ठी काढा म्हणावं."